प्रभू यांची सही

आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर पप्पांनी हिरवी पाटी ठोकली होती. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत 'कृपा गृहविद्यालय, अमरावती' आणि खाली 'मुख्याध्यापक : शमुवेल उजागरे' असं रंगवलेलं होतं. दाराच्या आत गॅसची शेगडी, पाटा-वरवंटा, ज्वारीची कोठी आणि एक निळी सतरंजी. सतरंजीवर पटावरच्या दोनच विद्यार्थिनी, मी आणि माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आशा. आईही आतच असायची, पण पाटीवर तिचं नाव नव्हतं. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. शाळेच्या पाटीवर इमारतीचं नाव वेगळं कोण लिहितं?

पाचवीपर्यंत मी चारचौघींसारखी शाळेत जात होते. शाळा चांगली होती, बाईही चांगल्या होत्या. खोट माझ्या गळ्यात होती. कानावर पडलेली चाल माझ्या तोंडातून सुटायची नाही. एका भाद्रपदात भांडी घासता घासता मी गणपतीची अख्खी आरती म्हटली, शेवटच्या कडव्याला ताटलीवर चमच्यानं ठेका धरून, आणि नेमके पप्पा त्या दिवशी लवकर घरी आलेले. ते रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत, दुःखी होत, आणि ते जास्त वाईट होतं. त्याच महिन्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या मेळाव्याला बाहेरदेशातून एक जोडपं आलं होतं. त्यांची पाच मुलं शाळेचं तोंड न बघता मोठी झाली होती, आणि पाचही जणं स्टेजवर ओळीनं उभी राहून बायबलातलं कुठलंही वचन कुठूनही म्हणून दाखवत होती. पप्पांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर आरतीचा ठेका धरत होते. झालं, माझ्या शाळेचा निकाल तिथेच लागला.

जाताना त्या जोडप्यानं पप्पांना दोन पेट्या भरून पुस्तकं दिली. त्यांतल्या चित्रांमधल्या घराच्या मागे सफरचंदाची बाग होती, पुढे बर्फ होतं, आणि आई कायम हसत हसत पाव भाजत असे. मुलांना बागेत न्यावं आणि फळ तोडताना निर्माणकर्त्याची ओळख करून द्यावी, असा पहिलाच धडा. आमच्याकडे सफरचंद आजाऱ्याला आणतात. म्हणून पप्पांनी आम्हां दोघींना स्कूटरवर घालून गावाबाहेरच्या एका संत्र्याच्या बागेत नेलं. निर्माणकर्त्याच्या आधी राखणदाराची ओळख झाली. तो काठी घेऊन आला आणि पप्पा त्याला शांतपणे समजावत राहिले की हा विज्ञानाचा तास आहे. 'मंग इज्ञान घरी शिकवा न बापा,' तो म्हणाला, आणि पप्पांनी ते शब्दशः घेतलं.

पप्पा एका औषध कंपनीचे फिरते प्रतिनिधी होते. सोमवारी बॅग घेऊन निघायचे ते मूर्तिजापूर, अकोट, अकोला असं डॉक्टरांच्या दारोदार फिरून शुक्रवारी संध्याकाळी परत. म्हणजे आमच्या शाळेचे मुख्याध्यापक आठवड्यातले पाच दिवस दौऱ्यावर. वह्या मात्र त्यांच्याच कृपेनं मिळायच्या. डॉक्टरांना वाटायची पॅडं उरली की ती आमची. माझं सगळं गणित ज्या पॅडांवर झालं, त्यांच्या प्रत्येक पानाच्या तळाशी 'आम्लपित्तावर त्वरित आराम' असं छापलेलं असे. अपूर्णांक सोडवताना ती ओळ वाचून मला खरंच बरं वाटायचं.

दिवसाचा आराखडा पप्पांनी मोठ्या कागदावर आखून आईकडून पिठाच्या डब्याच्या वर चिकटवून घेतला होता. घरातल्या एकेका कामाला एक विषय आणि एक वचन जोडलेलं होतं. श्रद्धा ही रविवारपुरती नसते, ती चुलीपासून अंगणापर्यंत झिरपली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं चुकीचं नव्हतं, आजही मी तेच म्हणेन. फक्त झिरपवायचं काम कोणी करायचं, ते त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. साडेसहाला प्रार्थना. एरवी ती आई घ्यायची आणि आटोपशीर घ्यायची. शनिवार-रविवारी पप्पा घेत. ते जगाच्या निर्मितीपासून सुरुवात करून राज्यकर्ते, पाऊसपाणी, मंडळीतले आजारी आणि कंपनीचे एरिया मॅनेजर असे येत येत आमच्यापर्यंत पोचेस्तोवर दूध उतू गेलेलं असे. म्हणून आईनं एक डोळा मिटून आणि एक दुधावर ठेवून प्रार्थना करायची सवय लावून घेतली. आशानं ते पकडलं आणि पप्पांच्या कानावर घातलं. पप्पा दुःखी झाले. आई म्हणाली, 'मी देवालेच म्हनून राहिली होती, का दूध सांभाळ. त्यानं नाही सांभाळलं तं मले पाहा लागते.'

गणिताचा तास भाकरीला जोडलेला होता. शास्त्रातली भाकर आणि आईच्या तव्यावरची भाकर एकच, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. प्रभूनं पाच हजार लोकांना वाढली तीही ज्वारीचीच, सोबत ठेचा असणारच, आणि मासे बहुतेक पाहुण्यांपुरते. पप्पांनी त्याच्यावर गणित घातलं : भाकरी पाच, माणसं पाच हजार, तर प्रत्येकाला किती? मी भागाकार मांडला. एकेकाला भाकरीचा हजारावा भाग आला. पण शास्त्राप्रमाणे सगळे जेवून वर बारा टोपल्या उरायला हव्या होत्या, आणि माझी बाकी शून्यच येत होती. आम्लपित्ताची तीन पानं खर्ची पडली. शनिवारी पप्पांनी वही तपासली आणि लाल पेनानं शेरा दिला, 'उत्तर बरोबर, विश्वास कमी.' दहापैकी सहा.

विज्ञान पिठाला जोडलेलं होतं. पीठ आंबवतं ते खमीर, आणि पाप हे खमिरासारखं चिमूटभर असलं तरी सगळा गोळा फुगवतं, असा तो धडा. आशानं तो फार मनावर घेतला. नाताळात मंडळीचे पाळकसाहेब घरी आले, तेव्हा केकची बशी त्यांच्यापुढे धरून ती म्हणाली, 'पाळकसाहेब, याच्यात पाप आहे, पण आईनं थोडंच घातलंय.' भूगोलात आम्ही यार्देन नदी, प्रभूचा बाप्तिस्मा झाला ती, उगमापासून मुखापर्यंत काढायला शिकलो. त्या सुट्टीत अकोल्याला मामाकडे गेलो. मामा जुन्या शहरात राहायचा. पुलावर त्यानं खाली बोट दाखवून विचारलं, ही कोणती नदी, आणि मी छाती काढून यार्देन म्हटलं. मामा ती गोष्ट वर्षभर सांगत फिरला. अकोल्याच्या मोर्णा नदीचं त्या दिवसांतलं पाणी पाहता तिच्यात कोणाचा बाप्तिस्मा करायची हिंमत कोणीच केली नसती.

शनिवारी तपासणी. पप्पा आंघोळ करून, भांग पाडून, टाय लावून सतरंजीच्या टोकाला खुर्ची टाकून बसत. हो, टाय लावून. वचन न अडखळता म्हटलं की नमुन्याच्या बाटलीतलं एक चमचा टॉनिक मिळे. ते गोड असायचं, जांभळाच्या रंगाचं. आम्ही दोघी धर्मातही वाढलो आणि अंगानंही. मंडळीतल्या बायका आईला विचारायच्या, पोरींना काय खाऊ घालता? आई म्हणायची, वचन.

भाषेचं मात्र पप्पांना फार लागायचं. ते मूळचे नगरकडचे, शास्त्राच्या जुन्या भाषांतरात मुरलेले, आई अकोल्याची. घरात 'मले', 'तुले', 'काहून' चालणार नाही, असा दंडक होता. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, तेही बंद. त्यामुळे आमची जीभ अशी घडली की बाजारात आशानं भाजीवाल्याला 'हे गृहस्था, वांगी कशी दिलीस?' असं विचारलं, आणि तो बिचारा हातातला तराजू खाली ठेवून उभाच राहिला. पप्पांचा दंडक आई पप्पांसमोर सहसा पाळायची. सोमवारी त्यांची स्कूटर वळणापलीकडे गेली की ती म्हणायची, 'आना आता सांबार इकडे.'

आमच्या शेजारी वंदनाचं घर. तिचे वडील एस.टी.त कंडक्टर होते आणि त्यांच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली पुस्तकांची मांडणी होती. त्या घरात एकही पुस्तक फाडलेलं किंवा रद्दीत घातलेलं चालायचं नाही. वंदना माझ्याच वयाची, शाळेत एक इयत्ता पुढे. ती पास झाली की तिची सगळी पुस्तकं आमच्याकडे यायची, आणि आई ती ज्वारीच्या कोठीत, पिशवीत गुंडाळून ठेवायची. लपवलं म्हणता येणार नाही. पप्पा डबे उघडत नसत, एवढंच. त्यांनी शाळा स्वयंपाकघरात काढली होती, पण मी त्यांना उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताना पाहिलं नव्हतं. शनिवारी सतरंजी उंबऱ्यापर्यंत ओढून घ्यावी लागायची. आई स्वतः मॅट्रिक नापास होती, गणितात. तिनं वंदनाच्या पुस्तकातलं बीजगणित आधी स्वतः सोडवलं, दुपारी, आम्ही झोपलो असं समजून. अडलं की वंदनाच्या आईला जाऊन विचारून यायची. मग मला शिकवायची. भाकरी चौघांत वाटायची आणि पाचवा पाहुणा आला तर काय, असं करत करत क्षपर्यंत. 'क्ष म्हंजे न सांगता आलेला पाहुना,' ती म्हणायची. 'थो कोन हाये ते शेवटी कळते. पह्यले पान तं मांडा.'

एकदा वंदनाची आई टायफॉइडनं अंथरुणाला खिळली. आईनं दोन आठवडे दोन्ही घरांचा स्वयंपाक केला आणि डबा पोचवायचं काम माझ्याकडे दिलं. तिच्या उशाशी बसायचं, पेज संपेपर्यंत उठायचं नाही. त्याबद्दल आई एक शब्द बोलली नाही, वचनही सांगितलं नाही. माझ्या पॅडमध्ये रोज एक रकाना भरायचा असे : 'आज कोणते वचन आचरणात आणले?' मी चौदा दिवस तिथे 'डबा' असं लिहिलं. पप्पांचा शेरा आला, 'वचनाचा संदर्भ दिलेला नाही. दहापैकी चार.' मला त्या दिवशी पहिल्यांदा पप्पांचा राग आला, आणि तो बरीच वर्षं टिकला.

आता आशाची मुलगी पुण्यात तिच्या दोन मुलांना घरीच शिकवते. मोबाइलवर त्याचं ॲप आहे. सकाळी ती मला फोटो पाठवते : लाकडी टेबल, टेबलावर रंगीत मणी, मण्यांशेजारी वचन. परवा तिनं विचारलं, मावशी, तुम्ही फेथ आणि लर्निंग एकत्र कसं करायचात? मी म्हटलं, भांडी घास. तिला तो विनोद वाटला, तिनं हसरे चेहरे पाठवले. मी काय करणार? मलाही दोन पाठवावे लागले.

तर, दहावीचं. वंदना दहावीला बसली तेव्हा मला कळलं की मला कशातच बसता येणार नाही. मला नर्स व्हायचं होतं. वंदनाच्या आईच्या उशाशी बसल्यापासून ते डोक्यात होतं, आणि नर्सिंगला दहावीचं सर्टिफिकेट लागतं. गृहविद्यालयाच्या रबरी शिक्क्यावर कोणी सुई टोचायला देत नाही. वर्षभर मी गप्प राहिले. मग एका शनिवारी तपासणीत, टॉनिकचा चमचा तोंडापाशी आला असताना मी म्हणाले, 'मले दहावीची परीक्षा द्यायची हाये.' पप्पांना परीक्षेचं जास्त लागलं की 'मले'चं, ते आजपर्यंत मला ठरवता आलेलं नाही. त्यांनी चमचा बाटलीत परत रिकामा केला. सर्टिफिकेट म्हणजे जगाचा शिक्का, ते म्हणाले, आणि आपण जगाचे नाही. आई आतून बोलली, 'जगाचे नाही तं मंग रेशनकार्ड काहून काढलं?' तीन आठवडे पप्पांनी प्रार्थना केली. चौथ्या शनिवारी त्यांनी होकार आणला, आणि तो आणताना त्यांचा चेहरा खरंच उजळलेला होता, हे मला सांगायला हवं. माणूस खोटा नव्हता.

बाहेरून परीक्षेला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, आणि तो एखाद्या शाळेमार्फतच जातो. अमरावतीत आमची कोणाशी ओळख नव्हती. अकोल्यात, जुन्या शहराजवळ, आई जिथे मॅट्रिकला नापास झाली ती शाळा फॉर्म घ्यायला तयार झाली. पप्पांनी तो आपल्या वळणदार अक्षरात भरला, अकोल्याचा पत्ता मामाचा दिला. कोणाला हात लावू दिला नाही. सोमवारी दौऱ्यावर जाताना स्वतः शाळेत देऊन ते अकोटला गेले. बुधवारी दुपारी वंदनाकडच्या फोनवर मामाचा फोन आला. 'ताई, फारम शाळेत अडकला,' तो म्हणाला. 'परभूची सही पाह्यजे म्हनते. उद्या शेवटची तारीख हाये.' आईनं दोनदा विचारलं, कोणाची सही? मामालाही नीट ठाऊक नव्हतं.

गुरुवारी पहिल्या एस.टी.नं आम्ही दोघी अकोल्याला निघालो. आशाला वंदनाकडे ठेवलं. आईनं फडक्यात भाकरी आणि बेसनाची पातोडी बांधून घेतली होती, पण वाटेत तिनं ती सोडली नाही. एक वर्ष गेलं तर पुढच्या वर्षी पप्पांना तोच होकार परत मिळेल याची मला खात्री नव्हती. पूल ओलांडताना आईनं खाली पाहिलं आणि म्हणाली, 'आली तुही यार्देन.'

शाळेच्या ऑफिसात वानखडे नावाचे बाबू होते, चष्मा कपाळावर, समोर सतरा नंबरांचा गठ्ठा. त्यांनी आमचा फॉर्म काढला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. शाळा सोडण्याचे कारण. तिथे पप्पांनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं : 'प्रभूच्या योजनेनुसार मुलीचे शिक्षण घरीच.'

'वडील उजागरे, पोरगी उजागरे,' बाबू म्हणाले, 'मंग हे प्रभू कोन? पालक असतीन तं त्यायची सही पाह्यजे, अन् मुलीशी नातं लिहा लागते. अन् योजना सरकारी असन तं खातं कोन्तं ते टाका.'

रकान्याच्या खाली लाल शाईत त्यांनी तसा शेराही मारून ठेवला होता : 'प्रभू यांची सही नाही. मुलीशी नाते स्पष्ट करावे.' आईनं तो वाचला आणि पदर तोंडावर घेतला. मला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. इतकी वर्षं एका घरात राहून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं, खांदे हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तिनं डोळे पुसले आणि बाबूंना नीट समजावून सांगितलं की प्रभू म्हणजे आमचा देव. बाबू भले गृहस्थ होते. ते एकदम ओशाळले आणि मागच्या भिंतीवरच्या आपल्या देवाच्या कॅलेंडरकडेही त्यांनी एकदा पाहिलं. त्यांची स्वतःची काहीच हरकत नव्हती, पण रकान्यात देव चालत नाही, म्हणाले. कागद वर बोर्डात जातो, तिथे कोण कोणाला समजावणार? त्यांनी कोरा फॉर्म दिला. बाकीच्या मुली काय कारण लिहितात, आईनं विचारलं. बाबूंनी गठ्ठा चाळला. आजारपण, बदली, लग्न ठरलं, घरकाम. घरकामच जास्त.

आईनं पेन घेतलं आणि त्या रकान्यात लिहिलं : घरकाम. मग वडिलांच्या सहीची जागा राहिली. पाच वाजता गठ्ठा बांधणार, बाबू म्हणाले.

गुरुवारी पप्पा अकोल्यात असायचे, आणि कोणत्या डॉक्टरांकडे ते आईला पाठ होतं. त्यांच्या दौऱ्याचा कागद आराखड्याशेजारीच चिकटवलेला असे. ते डॉक्टर दुपारी चारला दवाखाना उघडत आणि पेशंट संपल्याशिवाय प्रतिनिधींना आत घेत नसत. आम्ही पोचलो तेव्हा पप्पा टाय लावून, बॅग मांडीवर घेऊन बाकाच्या टोकाला बसलेले होते. शेजारी खोकणारी एक आजी, पलीकडे प्लास्टरमधला हात घेतलेला एक माणूस. मी पप्पांना घरी कायम खुर्चीवर पाहिलं होतं, समोर सतरंजी, सतरंजीवर आम्ही. बाकाच्या टोकाला वाट बघत बसलेले पप्पा मला लहान वाटले. त्या ओळखीच्या टायची टोकं झिजलेली होती, तेही तिथेच दिसलं.

आईनं दोन्ही फॉर्म त्यांच्या हातात दिले. पहिल्यावरचा लाल शेरा त्यांनी वाचला आणि बराच वेळ वाचतच राहिले. मग दुसरा वाचला.

'हे असत्य आहे,' ते हळू आवाजात म्हणाले. 'मी माझ्या मुलीला घरकामासाठी शाळेतून काढलं नाही. ही खोटी साक्ष आहे. मी सही करू शकत नाही.'

'काय खोटं हाये त्याच्यात?' आई म्हणाली. पप्पांसमोर, चारचौघांत, ती आपल्या बोलीत बोलत होती, आणि आवाज वर न चढवता. 'पाच वर्सं पोरगी सहाले उठते. पीठ मळते थे इज्ञान. भाकर थापते थे गनित. बाजारात जाते, दळन आनते, शेजारच्याईचा डबा पोचवते. शनवारी तुमी येता, मार्क देता अन् जाता. तिनं शिकलं नाही असं मी म्हनत नाही. लय शिकली थे. पन शिकली थे घरकामातूनच. तुमीच तं म्हनत होते, का देव चुलीपाशी पाह्यजे. होता न थो चुलीपाशी. तुमीच नव्हते.'

आजीचा खोकला थांबला होता. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि तपासणीच्या आवाजात म्हणाले, 'करुणा, तू साक्षी आहेस. जे खरं आहे ते सांग.'

मला पळून जावंसं वाटलं. त्या माणसावर माझा राग होता, चौदा दिवसांच्या डब्याचा राग, आणि आज तो फेडायची आयती संधी समोर होती. पण बाकाच्या टोकाला बसलेल्या त्या झिजलेल्या टायकडे पाहून राग कुठे गेला कळलं नाही. खोटं बोलून त्यांना सुखी करता आलं असतं, फॉर्म मात्र गेला असता. खरं बोलायला त्यांनीच शिकवलं होतं, टॉनिक पाजून.

'घरकाम, पप्पा,' मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. खिशातून पेन काढलं, त्याच्यावर आम्लपित्ताच्याच गोळीचं नाव होतं. फॉर्म बॅगेवर ठेवला आणि मग थांबले. पुढे कंसात 'प्रभूच्या योजनेनुसार' एवढं लिहू का, त्यांनी आईला विचारलं. खरोखर विचारलं, परवानगी मागितल्यासारखं. त्या दोघांच्या संसारात मी तो प्रकार पहिल्यांदाच ऐकत होते.

'कंस नोका टाकू,' आई म्हणाली. 'थो बाबू अजून एक सही मागन.'

पप्पांनी सही केली. खाली दोन रेघा मारायची त्यांची सवय होती, त्या दिवशी एकच मारली. पहिला फॉर्म त्यांनी चौघडी करून बॅगेच्या आतल्या कप्प्यात घातला. आम्ही निघालो तेव्हा आजी आईला म्हणाली, 'न्या लवकर, बाई, शाळा बंद होईन.' आम्ही रिक्षा केली, पाचाला वीस कमी असताना ऑफिसात पोचलो, आणि वानखडे बाबूंनी एकदाही चष्मा खाली न ओढता शिक्का मारला. मग शाळेच्या पायरीवर बसून आम्ही भाकरी-पातोडी खाल्ली. इतकी गोड पातोडी मी पुन्हा खाल्लेली नाही, आणि खरं सांगायचं तर ती सकाळपासून फडक्यात राहून थोडी आंबलीही होती.

मी पास झाले, गणितात सगळ्यांत जास्त मार्क पडले, नर्स झाले, आणि गेल्या वर्षी निवृत्तही झाले. सहीच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पप्पा घरी आले, पण शनिवारी तपासणी झाली नाही. खुर्ची भिंतीला लावलेलीच राहिली. टॉनिक मात्र त्यांनी दिलं, दोघींना दोन दोन चमचे, काही न विचारता. हिरवी पाटी आणखी काही वर्षं दारावर होती. मग कोठीचं झाकण तुटलं तेव्हा आईनं ती काढून कोठीवर ठेवली. मापात बरोबर बसली.

पप्पा गेले त्याला आता सहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात आईच्या खोलीतला माळा आवरताना त्यांची ती बॅग हाती लागली. आतल्या कप्प्यात फॉर्म होता, घड्यांवर विरलेला. वळणदार अक्षरातलं ते कारण, त्याच्याखाली बाबूंचा लाल शेरा : 'प्रभू यांची सही नाही. मुलीशी नाते स्पष्ट करावे.' आणि त्याच्याही खाली, पेन्सिलीनं, पप्पांचं अक्षर. त्यांनी शेऱ्याला उत्तर लिहून ठेवलं होतं. कधी लिहिलं असेल देव जाणे. फॉर्म तर कुठेच जायचा नव्हता.

आई बाहेर पलंगावर बसून सांबार निवडत होती. ऐंशी उलटली तरी निवडायला दुसऱ्याकडे देत नाही. चष्मा नव्हता म्हणून मीच तिला वाचून दाखवलं. बाबूंचा प्रश्न वाचला, आणि मग पप्पांचं उत्तर, त्यांच्याच जुन्या मराठीत : 'तिच्या आईस विचारावे.'

आईचे हात थांबले. तिनं तो कागद घेतला, दिसत नसताना डोळ्यांजवळ धरला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली.

'मंग विचारलं काहून नाही?' ती म्हणाली.